चौथ्या मिनिटातलं नाव

दोष मामाचा होता, दोनात नावाच्या मामाचा. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलेलं बरं. कारण नंतर म्हातारी माणसं अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून बसतात आणि दोष असा काही वाटून घेतात, की कुणाच्याच वाट्याला घासभरही येत नाही. मग म्हणतात, देवाची इच्छा. देवानं काही केलं नव्हतं. मामानं केलं होतं.

त्या मंगळवारी दुपारी लुझोलो इअरफोन घ्यायला निघाला, तेव्हा मामा त्याच्या डोक्यातही नव्हता. तेवीस वर्षांचा पोरगा. तंत्रशाळा तिसऱ्या वर्षी सोडलेली. तिथले सर आपल्याच जुन्या वह्यांच्या झेरॉक्स विकायचे आणि न घेणाऱ्याला नापास करायचे. आता तो किन्शासातल्या एका रेडिओवाल्यासाठी जुन्या रुंबा गाण्यांच्या कॅसेट साफ करायचा. खरखर काढायची, गळा वर आणायचा, गिटार मोकळी करायची. त्याच्या जुन्या इअरफोनची एक बाजू मेली होती.

विक्तवार चौकाजवळ बेआताईची टपरी होती. काचेच्या पेटीत शंभरेक इअरफोन, वर लोंबणारे चार्जर, आणि मागे पंखा, जो लाइट गेल्यामुळे बंद होता.

"काय ऐकतोस?" बेआताईनं विचारलं.

"रुंबा. जुना."

"या वयात? लग्न ठरलंय का पेन्शन?"

"पोटासाठी ऐकतो, ताई. फार महागातला नको, आणि तो पाच डॉलरचा कचराही नको."

तिनं तीन जोड काढून ठेवले. "हा काळा, ढोल आवडणाऱ्यांचा. पोरं नेतात. उखळात मुसळ पडल्यासारखं वाजतं, बाकी सगळं खाली चिरडून जातं. हा चंदेरी, चर्चच्या गायकांचा. वरचा सूर सुईसारखा टोचतो, तासाभरात डोकं उठतं. आणि हा तपकिरी. याचा मधला भाग भरलेला आहे. रुंबाला तोच लागतो. गळा आणि गिटार तिथंच राहतात." ती फोमच्या टोप्या चढवायला लागली.

"फोम नको. बाहेरचं ऐकू आलं पाहिजे."

"का रे?"

"मेर्वेय घरी असते."

बेआताईनं फोम काढला आणि रबराच्या पातळ टोप्या लावल्या. मेर्वेय त्याची धाकटी बहीण, सोळा वर्षांची, सिकलसेलची. दुखणं उठलं की तिला पाऊलही टाकता यायचं नाही. ती हाक मारायची, लुझोलो तिला पाठीवर घ्यायचा आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पळायचा. आई दिवसभर बाजारात. घरात लुझोलोचं खरं काम एकच होतं : हाक ऐकणं. मोठा भाऊ मातोंदो नऊ वर्षांचा असताना ट्रकखाली गेला होता. बहीण किएसे विसाव्या वर्षी तापानं. उरली होती ही.

त्यानं तपासणीसाठी त्याच दिवशी कॅसेटवरून फोनवर उतरवलेलं गाणं लावलं. मामाच्या वाद्यवृंदाचं. मामा त्यात ललकारीवाला होता. गाण्याच्या शेवटी गिटार धावायला लागली, नाच चढला, की ललकारीवाला पैसेवाल्यांची नावं ओरडतो. किन्शासात याला दगड फेकणं म्हणतात. नाव गाण्यात पडलं की माणूस शहरभर होतो. लोक त्यासाठी काय वाटेल ते देतात.

काळ्या जोडात फक्त ढोल होता. चंदेरीत झांजा. मग त्यानं तपकिरी जोड कानात घातला.

रस्ता थोडा मागे सरला. गिटार इतकी जवळ आली, की तारेवर बोट घासल्याचंही ऐकू येत होतं. तीन मिनिटं गेली. चौथ्या मिनिटात मामाचा तरुण आवाज आला, गिटारच्या मागून, भिंतीपलीकडून यावा तसा.

"मातोंदोऽऽ…"

आणि त्यामागोमाग आणखी एक आवाज. हळू. मामाचा नव्हे. त्यानं तेच नाव पुन्हा म्हटलं, शाळेत हजेरी घेणारा म्हणतो तसं.

"किएसेऽऽ…"

पुन्हा तो आवाज. किएसे.

"लुझोलोऽऽ…"

या वेळी मागचा आवाज आला नाही. गिटार धावत राहिली. पण तिच्याखाली कुणीतरी श्वास रोखून धरला होता. वाट पाहत असल्यासारखा.

लुझोलोनं इअरफोन काढून बेआताईच्या हातात दिले. "ऐका. इथून."

तिनं ऐकलं आणि हसली. "अरे, तुझं नाव आहे की! मोठा माणूस! आधी सांगितलं असतंस तर दोन डॉलर जास्त लावले असते."

"मागचा आवाज…"

"कसला मागचा? गिटार आहे." मग तिनं त्याच्या पिशवीतून डोकावणारी कॅसेट उचलली, पाठीवरचं साल वाचलं आणि तिचं हसू ओसरलं. "चौऱ्याण्णव. लुझोलो… तेव्हा तू जन्मला होतास?"

नव्हता. तिघांपैकी कुणीच नव्हतं.

दोनात मामा बांदाल वस्तीत आपल्या दारासमोर बसला होता. रंगवलेले केस, मगरीच्या कातड्याचे बूट, समोर कोमट बिअर. त्यांच्याकडे बहिणीच्या मुलांना नावं द्यायचा मान मामाचा. तिघांनाही त्यानंच दिली होती. चौथ्या वेळी आई त्याच्याशी भांडली आणि पोरीला स्वतःच नाव दिलं.

"बस, भाच्या. खाल्लंस का?"

"ती नावं आधी गाण्यात होती. आमच्या आधी."

मामानं बाटली खाली ठेवली. त्यानं खोटं बोलायला तोंड उघडलं, आणि मग बहुतेक त्याला कंटाळा आला.

"एका हिरेवाल्याची नावं टाकायची होती," तो म्हणाला. "त्याची, त्याच्या बायकांची. तो आदल्या दिवशी देश सोडून पळाला. टेप फिरत होती. म्होरक्या ओरडला, काहीतरी टाक. तोंडात आली ती तीन नावं टाकली. कुणाचीच नव्हती."

"मग?"

"मालक नसलेलं नाव फेकायचं नसतं, हे मला माहीत होतं. पण टेप फिरत होती ना…" तो गल्लीच्या टोकाकडे पाहत राहिला. "गाणं कुठंही वाजलं की रात्री दाराशी कुणीतरी यायचं. विचारायचं, कोण आहे हा? दाखव. वर्षभर, लुझोलो. झोप नाही. मग तुझी आई बाळंत झाली."

"आणि तुम्ही तीच नावं देऊन आम्हाला दाखवलंत."

"मला झोप लागायला लागली," मामा म्हणाला. त्यानं ते अगदी साधेपणानं सांगितलं.

लुझोलोच्या हातात ती बाटली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. तो फक्त उठला. "मी माझं नाव कापून टाकतोय. मूळ कॅसेट माझ्याकडे आहे, आता दुसरी प्रत कुठंच उरलेली नाही."

"नको!" मामा पहिल्यांदाच घाबरला. "कापू नकोस. ऐक, नाव कापलं ना, तर ते तुला शोधायचं नाही, खरंय. पण मग बाकीच्यांनाही…"

"तुमचं ऐकून घ्यायचे दिवस संपले," लुझोलो म्हणाला आणि चालू लागला. वाक्य अर्धंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं संगणकावर चौथं मिनिट उघडलं. आवाजाच्या हिरव्या रेषेत त्याचं नाव एवढंसं होतं, तांदळाच्या दाण्याइतकं. त्यानं ते निवडलं, पुसलं, फोनवरही कापलेलंच गाणं ठेवलं. कॅसेटची फीत ओढून काढली आणि कोळशावर टाकली. जळक्या प्लास्टिकचा वास दिवसभर अंगणात राहिला. मग त्यानं उरलेलं गाणं ऐकलं. मातोंदो. किएसे. पुढे गिटार, आणि तिच्याखाली कुणीच नाही. त्याला हलकं वाटलं. त्या रात्री तो मेर्वेयशी पत्ते खेळला आणि मुद्दाम हरला.

आठवड्यात दोनच गोष्टी झाल्या. चौकात बेआताईनं त्याचा शर्ट मागून ओढला. "चार हाका मारल्या! तपकिरी जोड घेतल्यापासून भाव खायला लागलास." इअरफोन तर खिशात होते. आणि एकदा आई म्हणाली, "बापावर गेलाय. बोलावलं तर मान वळवत नाही." त्याला वाटलं, कटकट. आयांची असतेच.

त्यानंतरच्या शनिवारी आई चर्चला गेली होती. दुपारचे बारा. लुझोलो अंगणात शर्टाला कोळशाची इस्त्री करत बसला होता. इअरफोन डबीत, डबी टेबलावर. दोन्ही कान उघडे. त्याला सगळं ऐकू येत होतं : तेलात पडणारी भजी, नळाखालच्या बादलीत टपकणारं पाणी, पलीकडच्या रेडिओवरचा फुटबॉल, इस्त्रीत फुटणारा निखारा. इतकं स्वच्छ त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

शेजारची ओदेत मावशी फाटक ढकलून धावत आली. हाताला पीठ होतं.

"बहिरा झालास का रे? अर्धा तास झाला, पोरगी गळा फाडून ओरडतेय!"

"कुठं? मला तर…"

"कुठं काय! सारखी ………, ………!"

तिचं तोंड हललं. ओठ गोल झाले, जीभ दातांना लागली, पुन्हा ओठ गोल. आवाज आला नाही. रेडिओ चालू होता, भजी तडतडत होती, आणि त्या सगळ्याच्या मधोमध तिच्या तोंडात एक भोक होतं.

इस्त्री शर्टावरच राहिली.

मेर्वेय दारापर्यंत सरपटत आली होती. ओठ राखेच्या रंगाचे. हाताची नखं उंबऱ्यात रुतलेली. डोळे उघडे होते आणि ते त्याच्यावरच लागले होते.

"पाणी," ती म्हणाली. ते त्यानं ऐकलं.

"मी आलो. आलो मी, मेर्वेय."

"मी किती… किती…" तेही त्यानं ऐकलं. मग तिचे ओठ गोल झाले. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा. तो तिच्या तोंडाला कान लावून होता. तिचा श्वास कानाला लागत होता, गरम. नुसता श्वास.

दवाखान्याच्या वळणावर, त्याच्या पाठीवर, ती जड झाली.

अंगणात खुर्च्या मांडल्या गेल्या. मामा नव्या बुटांत आला आणि सगळ्यांत लांब भाषण त्यानंच केलं. रक्ताचा आजार, देवाची इच्छा. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मामानं एकदाही लुझोलोकडे पाहिलं नाही.

महिन्यानंतर तो इअरफोन परत करायला गेला. बेआताईनं आधी तपासणीसाठी त्याच्याच फोनवर तेच गाणं लावलं, कापलेलं. डोळे मिटून ती मान हलवत राहिली. चौथ्या मिनिटाला मान थांबली.

"ही कोण पोरगी?" तिनं हळूच विचारलं.

"कुठली पोरगी? दोनच नावं आहेत."

"नाही रे… मागं. लांबून. सारखी हाक मारतेय…" बेआताईनं इअरफोन काढले आणि काचेवर ठेवले. "तुलाच."

लुझोलोनं ते कानात घातले. दोन नावं झाली. मग गिटार. त्यानं ते ठिकाण सहा वेळा ऐकलं, मग सातव्यांदा. गिटारच होती.

त्याला एकच बहीण उरली होती. ती अर्धा तास हाका मारत गेली आणि त्यानं एकही ऐकली नाही.