चढावरची ट्राम

नागासाकीत सपाट जमीन शोधू नये. घरं डोंगराला चिकटलेली, पायऱ्या संपता संपत नाहीत. सायकलवर कोणी दिसला, तर तो बाहेरगावचा असं आम्ही धरूनच चालतो. अशा गावाला फिरवते ती आमची ट्राम. आजोबांनी ती चालवली, बाबांनी चालवली. आज पास झाले, तर तिसरी मी. नापास झाले, तर कचेरीतलं टेबल.

परीक्षक उराकावासाहेब माझ्या पाठीशी उभे होते. आमची पद्धत अशी, की गाडी हलवण्याआधी डोळ्यांनी बघायचं, बोटानं दाखवायचं आणि मोठ्यानं म्हणायचं. न बघता म्हटलं, की नापास.

सुवा देवळाखालच्या थांब्यावर दुपारचं ऊन पडलं होतं. मागचं दार उघडून मी आरशाकडे बोट केलं.

"चढणारे दोघे," माझं तोंड म्हणालं.

फलाटावर चिटपाखरू नव्हतं. पण शब्द मागे घ्यावा, तर खोटं म्हटल्याची कबुली, म्हणजे परीक्षा गेलीच. दोन माणसं चढतील इतका वेळ मी दार उघडं ठेवलं. पायाखाली गाडी किंचित दबली.

"साहेब, मला जरा..."

"समोर बघ, पोरी."

पुढचा थांबा ऐन चढावर होता. फलाट इथंही मोकळाच. मी बोट केलं. आता तोंड आकडाही सांगेना.

"चढणारे सगळे."

गाडी जड झाली. हाताला कळतं ते.

रिकाम्या गाडीसारखा वेगाचा दांडा फिरवला असता, तर आम्ही मागे घरंगळलो असतो. मी जत्रेच्या दिवसाइतका जोर दिला. गाडी एकदाही न अडखळता चढली. भीती होतीच, पण खरं सांगते, छाती फुगली होती.

शेवटच्या थांब्यावर साहेबांनी टोपी नीट केली.

"गेल्या महिन्यात परीक्षेला बसलेल्या ओबायाशीची गाडी त्याच चढावर मागे घसरली. प्रत्येक थांब्यावर 'कोणी नाही' म्हणत आला होता."

"पण साहेब, कोणी नव्हतंच ना?"

"पास झालीस. परतीची फेरी एकटी ने. बाबांना फोन कर आधी."

ते उतरले. दोन्हीकडची बाकं रिकामी होती. पातीच्या कांद्याची पिशवी घेऊन मागच्या दारानं एक आजी चढल्या आणि कडीला धरून उभ्या राहिल्या.

"आजी, बसून घ्या की."

आजींनी गाडीभर नजर फिरवली. जरा अंग चोरून कोणाला तरी वाट दिली.

"कुठं बसू गं? मुंगी शिरायला जागा नाही. राहू दे, तू चालव. छान चालवतेस, सगळे म्हणताहेत."