पोत्यातून परत आलेली कार्डं

हातकागदाच्या कारखान्यात मारिलूने रद्दीचं पोतं उपडं केलं आणि शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिकांबरोबर तिची स्वतःचीच तीन कार्डं टेबलावर घसरली. जलपर्णीचे धागे, कडेला वाळवलेल्या बोगनवेलीच्या पाकळ्या... कुणाला दिली होती, हे तिला आठवावं लागलं नाही.

चर्चच्या गायनवृंदात नाताळाआधी सगळे चिठ्ठ्या उचलत. चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याला दर रविवारी गुपचूप भेट ठेवायची. आपण कोण, ते शेवटच्या मेजवानीत सांगायचं. मारिलूच्या चिठ्ठीत निघाले त्याच शाळेतले रोमेल सर — गालाला खळी पडणारे, वरच्या पट्टीत हमखास घसरणारे. तीन रविवार तिने रद्दीचा लगदा करून, जाळीवर कागद उचलून त्यांच्यासाठी कार्ड बनवलं. बोटांची सालं निघाली. आणि या माणसाने ती सरळ रद्दीत दिली.

“दिसतात गरीब गाय,” ती पुटपुटली, “आणि करणी बघा.”

तिने तिन्ही कार्डं टराटरा फाडून लगद्याच्या हौदात दाबली.

दुपारी सरोवरावरून रिमझिम आली, आणि तिच्यामागून रोमेल सर. छत्री मिटत ते दारातच घुटमळले.

“पोतं... बघितलंत?”

“बघितलं. सर, कुणी जीव ओतून केलेली वस्तू तुम्हाला कचरा वाटते का?”

“कचरा? मी —”

“तीन-तीन रविवार खपायचं, आणि तुम्ही पोत्यात कोंबायची!”

“म्हणजे तुम्हीच होतात.” खळी पडली.

मारिलूने जीभ चावली. मेजवानीला अजून आठ दिवस होते.

“हसताय काय?”

“ओळखलं होतं मी. असा निळसर कागद तुमच्याच हौदातून निघतो, आमच्या मुलांच्या शाईचा. पण विचारायचं कसं? पोत्यातला एकेक कागद तुम्हीच पिना काढायला हातात घेता, म्हणून कार्डांच्या मागे लिहून पाठवलं. वाटलं, उत्तर लिहून परत द्याल.”

“मागे?”

“तुम्ही... उलटून पाहिली नाहीत?”

मारिलूने हौदाकडे पाहिलं. तिच्याबरोबर काम करणाऱ्या चारिंग मावशी काठीने लगदा ढवळत होत्या. एक अक्षरही शिल्लक नव्हतं. तिचा राग दुप्पट झाला. आता तो स्वतःवरचा होता, पण स्वतःवर ओरडायची तिला सवय नव्हती.

“रद्दी ही काय लिहायची जागा झाली? तोंड नाही तुम्हाला? वर्गात चाळीस पोरांवर ओरडता ना?”

“पोरांना भीत नाही मी.”

“आणि मला?”

“तुम्हाला... फार.”

मावशींची काठी थांबली. “सर, बोला एकदाचं. लगदा खाली बसतोय.”

“तिन्हींवर काय होतं ते सांगा,” मारिलू म्हणाली. “एकेक.”

“पहिल्यावर — मला गाता येत नाही, तुमच्यासाठी गायनवृंदात शिरलो. दुसऱ्यावर — जलपर्णी काढायला तुमच्या होडीत येऊ का? तिसऱ्यावर...” त्यांचे कान लाल झाले. “तुमच्या घरी लाकडं फोडायला कधीपासून येऊ?”

मावशींनी तोंडावर हात ठेवला. इथे मुलगी मागायची तर आधी तिच्या घरची लाकडं फोडावी लागत; आजकालच्या पोरांनी ते केव्हाच सोडलं होतं. मारिलूला रडू येईलसं वाटलं, आणि त्याचाही तिला संताप आला.

“उद्यापासून,” ती कडाडली. “आणि कुऱ्हाड तुमची आणा.”