गोकुळाची रेघ

"पाय उचला! रेघ पुसन ना!"

खाली पसरलेल्या लाकडावर आखता आखता गोकुळा ओरडली आणि मांडवात शिरलेला तो उंच तरुण एका पायावर तसाच थांबला... बगळ्यासारखा. दिवाळीनंतरची अवचित सर चुकवायला तो मूल गावच्या बाजारातून पळत आला होता. केसांतून पाणी निथळत होतं. खांद्यावरच्या झोळीतून पटाशीची मूठ डोकावत होती.

"खाली कुठी ठेवू, ते तरी सांगा," तो म्हणाला.

गोकुळाला हसू फुटलं.

तो गोंडपिपरीचा इस्तारी सुतार, कामाच्या शोधात निघालेला. आणि गोकुळाच्या बापाला, वारलू सुताराला, असाच दणकट हात हवा होता. धानाच्या नव्या गिरणीच्या दाराची मोठी चौकट त्याच्याकडे आली होती. वारलूची नजर अधू झालेली, म्हणून आखणी गोकुळा करायची. घराबाहेर हे कोणाला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून गोकुळा रेघा मारू लागली आणि इस्तारी त्या रेघांवर कापू लागला. ती खतकसाची, म्हणजे रेघ ओढायच्या हत्याराची, दोन टोकं पटाशीच्या रुंदीला लावायची आणि ती न हलवता खांबाच्या डोक्यावर कुसू, म्हणजे खाचेत बसणारी जीभ, आखायची, वरच्या आडव्या उतरंगावर त्याची खाच. काटकोनी गुण्या धरून चारी अंगांनी फिरवलेली रेघ निघाली तिथंच येऊन मिळायची. इस्तारी काम सोडून बघत राही.

"रेघ हलली वाटते," तो मुद्दाम म्हणे.

"तुमची नजर हलली असन."

"ते त... पयल्याच दिवशी हलली."

मग गोकुळाला पुढची रेघ मारायला उगीच वेळ लागायचा.

चौकट उभी करायच्या दिवशी गिरणीपुढं गाव जमलं. खांब उभे राहिले. उतरंग वर चढवायचं, तेवढ्यात गिरणीचा मुकादम मुखरू म्हणाला, "वारलूभाऊ, तुमाले दिसत नाई म्हन्ते. मंग आखनी कोनाची?"

वारलू खाली बघू लागला.  बापाची मान खाली गेलेली गोकुळाला बघवेना.

"माही हाये," ती म्हणाली. "दोन्ही खांब अन् उतरंग, सारी माही."

"पोरीच्या हातची?" मुखरूनं कपाळाला हात लावला. "पाचरा तयार ठेवा रे, सांधा ढिला निघन!"

इस्तारीनं समोरच्या पाचरा उचलल्या आणि दूर भिरकावल्या.

"पाचर नाई लागत. हे बसलं नाई, त मी पुन्हा पटाशी धरनार नाई."

गोकुळाला वाटलं, 'एवढं कशाले बोलला हा...' उतरंग वर गेलं, खाचा कुसवांवर आल्या. इस्तारीनं लाकडी मोगरी उचलली. एक ठोका इकडं, एक तिकडं. लाकूड कुरकुरलं आणि खाली बसलं — असं, की सांध्यात नखही शिरेना. मुखरूनं वर चढून बोट फिरवलं, दुसऱ्या बाजूनंही फिरवलं.

"बाप्पा! केस नाई जात!" तो खालच्या लोकांना ओरडून म्हणाला.

एकच गलका झाला. वारलूनं चाचपडत लेकीचं डोकं छातीशी धरलं.

इस्तारी खाली उतरला तो थेट तिच्यापुढं.

"गोकुळा... गोंडपिपरीले येशीन? माह्या घरी?"

"बाबाले टाकून नाई येत मी."

त्यानं नव्या खांबावर हात ठेवला. मग हसला. "मंग मीच इथी राह्यलो त?"

"कोन म्हनून?" तिला कळलं होतं. पण ऐकायचं होतं.

"तुहा नवरा म्हनून!"

तो इतक्या मोठ्यानं बोलला की सगळे वळून बघू लागले. वारलू खाकरला. "बाबू, आधी तुह्या मायले घेऊन ये. मंग बोलू."

"मंग काऊन, बाबा? माहं 'हो' आत्ताच हाये!" गोकुळा म्हणाली. तिनं इस्तारीचा भुशानं माखलेला हात धरला आणि हसणाऱ्या गावासमोर, सगळ्यांच्या आधी, त्याला त्या नव्या दारातून आत नेलं.