पिंपावर पारखलेली दुर्बीण

ताईच्या नातीला पहिला दात आला त्या वर्षीची गोष्ट. ताईचे यजमान, दीपगृहाचे जुने राखणदार, अंथरुणाला खिळले होते. वादळाने समुद्री गरुडांच्या जोडीचं झाड पाडलं, तेव्हा समोरच्या ओसाड बेटावर त्यांनी उंच खांब रोवला होता आणि त्यावर गाडीचं जुनं चाक ठोकलं होतं. जोडीने त्यावर घर मांडलं का, यातच आता त्यांचा जीव अडकला होता.

"मी बघून येते," ताई म्हणाली. धाकटा भाऊ होड्या बांधणारा सुतार. दोन माणसांची कयाक, म्हणजे वल्ह्यांची निमुळती होडी, त्याच्याकडे तयारच होती. अडलं ते दुर्बिणीपाशी.

दुकानदाराने दोन दिल्या. "दोन्ही न्या, पटेल ती ठेवा." एक थोराड, बारापट जवळ दाखवणारी. दुसरी सातपट, बुटकी, रबरी अंगाची, आत पाणी न शिरणारी.

ताईने सुताराच्या खिडकीत कोपरं टेकून थोरली डोळ्यांना लावली. "अरे, पलीकडच्या छपराचे खिळे दिसताहेत! हीच."

"समुद्रात खिडकी कुठून आणणार, ताई?" सुताराने एक रिकामं पिंप आडवं पाडलं. "बस यावर. आता त्या भिंतीवरचं कॅलेंडर वाच."

पिंप डुगडुगलं. तारखा उंदरांसारख्या पळू लागल्या. तरी ताई हटेना.

"यांनी सांगितलंय, अगदी जवळून बघ. मी मोठीच नेणार."

 सुताराने धाकटी दुर्बीण गुपचूप जाकिटात सारली.

सकाळी पाणी तेलासारखं संथ होतं. वल्ही एका लयीत पडत होती, किनाऱ्यावरची घरं हळूहळू काड्यापेट्यांएवढी झाली, आणि ताई कितीतरी दिवसांनी गुणगुणू लागली. बेट दिसलं. तिने थोरली उचलली. आभाळ, खडक, पुन्हा आभाळ! चाक काही सापडेना.

तेवढ्यात वारा फिरला. खडकांवर फेस उसळला. लाट आडवी आली. कयाक कलली!

"पातं आपट!"

ताईने वल्ह्याचं पातं पाण्यावर आपटलं. कयाक सावरली! पण लाट छातीवरून गेली होती. थोरलीच्या काचा आतून धुरकटल्या.

"बेटावर उतरायचं नाही," सुतार म्हणाला. "भुगा होईल आपला."

"मग यांना काय सांगू रे?" ताईचा आवाज फाटला.

त्याने धाकटी पुढे केली. "मी कयाक धरतो. तू श्वास धर."

ताईने श्वास धरला. चित्र लहान होतं, पण जागच्या जागी राहिलं. खांब. चाक. त्यावर काटक्यांचा ढीग, पंख पसरलेली मादी आणि तिच्याखाली दोन करडी डोकी!

"वळव," ताई म्हणाली.

"मोठी भिजली, दुकानदार काही परत घेत नाही. आता तीही गळ्यात पडली म्हणायची!" सुतार म्हणाला, आणि ओल्याचिंब ताईला हसू आवरेना.

घरी राखणदारांनी उशीवरूनच विचारलं, "किती जवळून पाहिलंस?"

"लांबूनच, अहो. दोन पिल्लं आहेत. थोरलं सारखं धाकट्याच्या डोक्यावर बसतंय."

ते हसले. "मग नीट पाहिलंस."

त्याच वर्षी, नातीने पहिलं पाऊल टाकलं त्या आठवड्यात, राखणदार वारले.