दहा-बारा पावलं मागे

आर्वीच्या बस डेपोसमोर कुरिअरवाला बसायचा. त्याच्याकडून एक लहानसं खोकं सोडवून आणायचं, एवढंच त्या दुपारी रूपरावांना काम होतं. दुकानाचं शटर अर्धं ओढून ते पायीच गेले, सही केली आणि खोकं बगलेत मारून परत आले. भांड्यांचं दुकान, त्यात पौष महिना. लग्नं नाहीत तर गिऱ्हाईक कुठून येणार? गादीवर बसून त्यांनी खोकं उघडलं. आत एक घड्याळ निघालं. घड्याळ कसलं, काडेपेटीएवढा ठोकळा आणि त्याला रबरी पट्टा.

एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर बाबाराव रोज पेपर वाचायला दुकानात यायचे. त्यांनी ते हातावर तोलून पाहिलं.

"काय जी रूपरावजी, हे मनगटाले बांधाचं हाय का बैलाच्या गळ्याले?"

"पियुषनं धाडलं. माही शुगर निघाली ना, तं सकाळी पळाले जाजा म्हणते. किती पळालो, कसा पळालो, सारं हे घड्याळ सांगते म्हणे."

"या वयात पळसान तं लोक म्हनतीन, कुत्रं मागं लागलं!"

रूपराव हसले. दिवसभरात ते हसले असतील तर तेवढेच.

पियुष त्यांचा मुलगा, हैदराबादला कॉम्प्युटरच्या कंपनीत. अमेरिकेहून येणाऱ्या मित्राकडून त्यानं ते मागवलं होतं. रात्री त्याचा फोन आला. "बाबा, बाजारात तीन-चार तऱ्हेचे होते. एकाले छातीवर पट्टा बांधा लागते, तो ठोके मोजते. एकात तं आपल्यासंग पळणारा माणूसच दिसते, छोटासा, तो मागं हाय का पुढं हाय ते सांगते. पण नवीन माणसाले…" इथं लाइन कटली. पुन्हा लागली तेव्हा पियुष भलतंच सांगत होता.

"पयले उघड्यावर उभे राहा, बाबा. त्याले आभाळ दिसलं पायजे. वरचे उपग्रह सापडले का मंगच निघा. छपराखाली ते आंधळं होते. थोडं पळा, थोडं चाला, घाई नको. अन् एक लक्षात ठेवा, बोलता बोलता पळता आलं पायजे. बोलताना दम लागला, का समजाचं जास्त झालं."

"बोलू कोनासंग?" रूपरावांनी विचारलं.

पलीकडून पियुषनं जेवलात का म्हणून विचारलं.

रूपरावांच्या बायकोला, अनुसयाबाईंना, जाऊन वर्ष होत आलं होतं. घरात ते एकटेच. माणूस एकटा पडतो म्हणजे काय, हे त्यांना समजलं ते कुलपापाशी. पूर्वी दुकानातून आले की कडी वाजवायची आणि वाट पाहत उभं राहायचं. आतून पाय ओढल्याचा आवाज येई, मग धापा टाकत विचारणं, "कोन?" त्या वेळी दुसरं कोण येणार होतं? तरी बाई रोज विचारायची, आणि रूपराव रोज चिडून म्हणायचे, "मी हाओ व, उघड." आता खिशातून किल्ली काढायची, आपलं दार आपणच उघडायचं आणि अंधारात बटण चाचपायचं. कोणी 'कोन' म्हणून विचारावं, यापलीकडे त्या माणसाला जगात काही नको होतं.

अनुसयाबाईंचे गुडघे लग्नाआधीपासून दुखरे, त्यात दम्याचा त्रास. ती बाई आयुष्यात कधी पळाली नाही. एसटी सुटायला लागली तरी आपल्याच चालीनं जायची, आणि बाबाराव घंटीची दोरी धरून तिच्यासाठी थांबायचे. रूपरावांची चाल मात्र घोड्याची. डॉक्टरांनी दोघांना सकाळी फिरायला सांगितलं तेव्हा देऊरवाड्याच्या रस्त्यानं ते पुढे आणि त्या मागे, अशीच वरात निघायची. आमच्याकडे नवरा पुढे आणि बायको मागे ही रीतच आहे, त्यात कोणाला वावगं वाटत नाही. "अवो, थांबा ना जरा," त्या म्हणायच्या. "चाल व, चाल," हे म्हणायचे. मागे वळून पाहायचे नाहीत.

त्या शेवटच्या सकाळीही फिरून परतताना रूपराव पितळेच्या भावाचं सांगत होते. "समजलं का व?" उत्तर नाही. रुसली असेल म्हणून ते बोलतच राहिले. ओढ्यावरच्या पुलियापाशी येऊन एकदाचे वळले, तर मागे रस्ता रिकामा. लांब कडुनिंबाखाली हिरवी शाल पडल्यासारखी दिसत होती. तेव्हा रूपराव आयुष्यात पहिल्यांदा पळाले, आणि त्याचा काही उपयोग झाला नाही.

म्हणून त्याच रस्त्यानं पळायला जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. पण घरात बसून तरी काय करणार? पहिल्या दिवशी ते भल्या पहाटे अंगणात उभे राहिले. भारनियमनामुळे गल्ली काळीमिट्ट. मनगटावरच्या काचेत काहीतरी शोधल्याच्या खुणा उमटत राहिल्या, आणि वेळ लावून शेवटी तीन आकडे आले. किती गेलो, किती वेळ झाला, किती वेगानं. रूपराव थोडं पळाले, थोडं चालले. वाटेत चुलींतल्या वाळक्या पऱ्हाटीच्या धुराचा वास होता, जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या होत्या. बरं वाटलं त्यांना. चार-पाच दिवसांत तर घड्याळाची सवयच झाली.

मग एका धुक्याच्या सकाळी, देऊरवाड्याच्या फाट्यावरून परतताना, त्यांना आकड्यांच्या खाली एक बारीक माणूस दिसला. काळ्या रेघांचा, पळणारा. त्याच्या मागे तसाच दुसरा. दोघांच्या मधे आकडा होता, दहा. क्षणात अकरा झाला, पुन्हा दहा.

पियुष म्हणाला होता ती सोबत हीच, असं त्यांना वाटलं. ते जोरात पळाले. मागचा तेवढाच मागे. रमतगमत चालले; तरी तेवढाच मागे. दहा-बारा पावलं. हे अंतर रूपरावांच्या ओळखीचं होतं.

"पितळ उतरलं बरं का," ते हळूच म्हणाले. बोलता बोलता पळता आलं पाहिजे, असं मुलानंच सांगितलं होतं.

कडुनिंब मागे पडला आणि आकडा वाढायला लागला. वीस. पन्नास. मागचा माणूस तिथंच थांबला होता. घराच्या अंगणात येईपर्यंत तो निंबाखालीच होता.

पुढे हे रोजचंच झालं. फाट्यावरून निघताना मागे कोणीतरी यायचं, निंबाशी थांबायचं. रूपराव त्या तेवढ्या वाटेत दुकानाचं, पियुषचं, स्वतःच्या हातच्या करपलेल्या भाकरीचं सगळं सांगायचे. वळून मात्र पाहायचे नाहीत. पाहिलं आणि कोणी नसलं तर? न पाहता निदान सोबत तरी होती. बाबाराव म्हणाले, "तब्येत सुधरली जी तुमची." खरंच सुधारली होती.

रविवारी पियुषचा फोन आला तेव्हा ते आनंदानं सांगून बसले. "तुह्या घड्याळातला तो सोबतवाला माणूस लय चांगला हाय."

"कोनता माणूस, बाबा?"

"तोच ना, मागं पळणारा."

"बाबा, तुमच्यातनी तसं काही नाई. ते महागड्यात रायते. मी तुमाले साधं घेतलं, नवीन माणसाचं. तीन आकडे, बस. तुमी काय पाहून राह्यले?"

रूपरावांनी फोन ठेवला. घड्याळ खुंटीवर होतं. काच कोरी होती.

भीती वाटली का? वाटली. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी त्या माणसाच्या पोटात वर्षभर साचलेलं होतं. रात्रभर एकच विचार. ती निंबाशी थांबते, कारण तिथून पुढे तिला कोणी नेलंच नाही. आपण पुढे निघून आलो.

सकाळी दाट धुकं होतं. त्यांनी दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि निघाले. फाट्यावरून परतताना मागचा माणूस आला. निंबाखाली येऊन आज रूपराव थांबले. मागचाही थांबला, तेवढ्याच अंतरावर. पानांवरून दव टपटपत होतं. दुसरा कसलाच आवाज नव्हता.

"अनुसये…" ते मागे न पाहता म्हणाले. "त्या दिवशी मी पाह्यलं नाई व. चुकलं माह्यं. आता इथं नको राहू… घरी चाल."

ते चालू लागले. निंब मागे पडला. आकडा वाढला नाही. दहा. दहा. अकरा. दहा. रूपराव रडत होते आणि बोलत होते. पुलिया आली, तसे ते थांबले. आज वळून पाहायचंच, असं त्यांनी रात्रीच ठरवलं होतं. त्यांनी श्वास घेतला आणि मागे पाहिलं.

रस्ता रिकामा होता.

मन घट्ट करून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. दुसरा माणूस काचेवर होता. पण तो आता मागे नव्हता, पुढे होता. गावाच्या बाजूला. मधला आकडा वाढत होता. तीस. सत्तर. दीडशे.

अनुसयाबाई कधी पुढे चालल्या नव्हत्या.

"थांब… थांब ना जरा…" रूपराव पळायला लागले. शब्द फुटेनासा झाला इतके पळाले, तरी अंतर वाढतच गेलं. गल्लीच्या तोंडाशी ते आले तेव्हा कुठं आकडा कमी व्हायला लागला. पुढचा थांबला होता. चाळीस. वीस. दहा. ते ओसरीच्या टिनाखाली शिरले, आणि घड्याळ आंधळं झालं.

कुलूप जसंच्या तसं होतं. किल्ली हातातून दोनदा सुटली. कुलूप निघालं. त्यांनी दार लोटलं.

दार उघडलं नाही. आतून कडी होती.

खरं सांगायचं तर त्या क्षणी रूपरावांचं काळीज सुपाएवढं झालं. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते दाराच्या पलीकडे होतं. त्यांनी पूर्वीसारखी कडी वाजवली आणि दाराला कान लावला. आता पाय ओढल्याचा तो आवाज येईल. हळूहळू येईल, नेहमीसारखा. मागच्या स्वयंपाकघरापासून दारापर्यंत यायला तिला वेळ लागतो.

आत थोडा वेळ काहीच नव्हतं.

मग स्वयंपाकघराच्या टोकापासून कोणीतरी दाराकडे धाडधाड पळत आलं, आणि अगदी फळीला लागून थांबलं.

रूपराव मागे सरकले. ओठांवर आलेला 'मी' तिथंच राहिला.

"कोन?" आतून विचारलं.

आवाज अनुसयाबाईंचाच होता. त्याला दम मात्र जराही लागलेला नव्हता.