रिकामा रकाना

मावशी खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. कुणी ऊठ म्हटलं तर पटकन उठता यावं, अशी.

"उद्या मला आत टाकतील का हो?"

वकिलाने समोरची फाइल उगाच सरळ केली. "उद्या फक्त पोरीच्या बापाची उलटतपासणी आहे. निकाल नंतर."

"म्हणजे नंतर टाकतील."

सतरा वर्षं पाळणाघरात पोरं सांभाळलेली ही बाई. आठ महिन्यांपूर्वी एका गुरुवारी संध्याकाळी चार वर्षांची मुलगी तिच्या ताब्यातून फाटकाबाहेर गेली आणि दोनशे पावलांवरच्या बसथांब्यासमोर स्कूटरखाली आली. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. फाटक उघडं टाकलं, असा मावशीवर आरोप. जामीन लगेच मिळाला होता. पण तेव्हापासून तिच्याजवळ कुणी मूल सोडलं नव्हतं. शेजारीणसुद्धा दुकानात जाताना आपलं पोर हल्ली बरोबर नेत असे.

"पुन्हा एकदा सांगा," खिडकीजवळून आवाज आला.

तिथे टाचणीबाई बसली होती. बावीस वर्षं कोर्टात लघुलेखिका म्हणून तिने लोकांचं बोलणं उतरवून घेतलं, आणि आता ती वकिलांसाठी खाजगी तपास करत असे. घरी बोलायला कुणी नाही म्हणून ऐकण्याचा धंदा काढला, असं ती स्वतःच सांगे. टाचणी हे नाव कोर्टाच्या आवारानं दिलेलं. ते तिला आवडायचं.

"सव्वापाचच्या आसपास," मावशी म्हणाली. "मी आतल्या खोलीत तान्ह्याचा लंगोट बदलत होते. फाटकाची कडी वाजली. पोरगी 'टाटा मावशी' म्हणाली. मला वाटलं, घरचं कुणी आलं. मीही आतूनच टाटा केलं. बाहेर यायला हवं होतं. तेवढं माझं चुकलं."

"अंगात काय होतं तिच्या?"

"पिवळा फ्रॉक. दुपारी झोपेत ओलं केलं होतं तिनं, म्हणून चारला मीच बदलला. पाळणाघरातलाच, जास्तीचा."

"पंचनाम्यात पिवळाच आहे," वकील म्हणाला. "बापानं त्या रात्री दिलेल्या फिर्यादीतही पिवळाच. फ्रॉकवर वाद नाही."

"वाद नाही," टाचणीबाई म्हणाली. जणू तक्रारच करत होती.

पाळणाघराच्या भिंतीला कमरेइतक्या उंचीवर चौदा खुंट्या होत्या. तीन दप्तरं लटकत होती.

"केस लागली आणि पोरं गळाली," संचालिका म्हणाली. तिचे आणि मावशीचे वकील एकच होते, खर्च तीच करत होती. "साहेब, मावशी वाईट नाही. पण फाटक तिच्याच ताब्यात होतं. माझ्याकडे सहीशिवाय मूल बाहेर जात नाही. हे बघा."

रजिस्टरात प्रत्येक मुलापुढे दोन रकाने होते: सकाळी 'सोडले', संध्याकाळी 'नेले'. त्या गुरुवारी सकाळच्या रकान्यात मुलीच्या आईची सही होती. संध्याकाळचा रकाना कोरा.

"बाकीच्या दिवशी बापाच्या सह्या. तीन वर्षांत त्याचा एक रकाना चुकलेला नाही," संचालिका म्हणाली. "तो आला असता तर सही असती. म्हणजे कुणी आलंच नाही."

टाचणीबाईने औषधांची वही मागितली. कुणाला ताप, कुणाला किती चमचे, अशी बारीक अक्षरात लिहिलेली.

"'दहा तारीख. धाकट्याला ताप. बारा वाजता आजी घेऊन गेली,'" तिनं वाचलं. "वकीलसाहेब, दहा तारखेचं रजिस्टर पूर्ण आहे का हो?"

"एकूण एक रकाना भरलेला. 'नेले'खाली आईबापांच्या चौदा सह्या. शिस्त आहे यांची."

"आहे खरी."

संचालिकेने पेल्यात पाणी ओतलं. ते तिनं कुणालाच दिलं नाही.

बसथांब्यासमोर एक जुनी इमारत होती. अपघात पाहिलेल्या आजी चौथ्या मजल्यावर राहत. वकिलाला लिफ्टची धास्ती होती, तो जिन्याने निघाला. वर पोचला तेव्हा भात्यासारखा फुसफुसत होता, आणि टाचणीबाई अजून लिफ्टमध्येच होती, दार उघडं धरून.

"आत काय करताय?"

"वाचतेय."

"लिफ्टमध्ये वाचायला काय असतं?"

"असतं," ती म्हणाली आणि बाहेर आली.

आजी दिवसभर गॅलरीतच असत. त्यांनी दोघांनाही बसवून घेतलं आणि बराच वेळ स्वतःच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं. मग म्हणाल्या, "पोलिसांना मी धडक सांगितली. आधीचं त्यांनी विचारलं नाही."

"आधीचं काय?"

"पोर बाकावर बसलेली. दहा मिनिटं तरी. पाय हलवत, हात मांडीखाली. पळून आलेलं पोर असं बसत नाही हो. कुणीतरी बस म्हणून सांगितल्यासारखी बसलेली. मग कंटाळली असेल. उतरली आणि या इमारतीकडे धावत सुटली."

"बाकावर कोणी बसवलं, ते पाहिलंत?"

"तेव्हा मी चहा टाकायला आत गेले होते." आजींनी गुडघा चोळला. "इतक्या वर्षांत चहाला एवढा वेळ कधी लावला नव्हता. त्या दिवशी नेमका."

मुलीची आई मोठ्या धुलाईकेंद्रात चादरींच्या घड्या करायचं काम करी. नवऱ्यापासून वेगळी होऊन वर्ष झालं होतं. मुलगी बापाकडे राहत होती. ताबा कायमचा कुणाकडे, याचा दावा अजून लोंबकळत होता.

"कोर्टानं मला बुधवारची रात्र दिली होती," ती म्हणाली. हात थांबले नव्हते. "तो पहिलाच बुधवार. गुरुवारी सकाळी पाळणाघरात मी सोडली. आयुष्यात पहिल्यांदा."

"संध्याकाळी कोण आणणार होतं?"

"तोच, नेहमीसारखा सहाला. तो म्हणतो, सहाच्या आत तिकडे फिरकलोच नाही."

"कोणते कपडे घातले होते तुम्ही तिला?"

"निळा फ्रॉक. मी शिवलेला. तो तिच्या अंगावर मला पुन्हा दिसलाच नाही. हॉस्पिटलमध्ये पोचले तर तिला तिथला झगा होता आणि कपडे पोलीस घेऊन गेले होते. हा माझ्याही नंतर आला." तिनं चादर झटकली. "त्या बाईला सांगा, माझा राग नाही. राग करायला माणूस निवांत लागतो."

बाप लिफ्ट दुरुस्तीचं काम करी. दिवसभर या इमारतीतून त्या इमारतीत. तो लिफ्टखालच्या एका खड्ड्यात कमरेइतका उतरलेला सापडला आणि वर आलाच नाही.

"मला काही बोलायचं नाही. उद्या कोर्टात बोलेन."

"एकच विचारते. त्या गुरुवारी मुलीला पहिल्यांदा कुठे पाहिलंत?"

"हॉस्पिटलात. फिर्यादीत आहे." त्यानं तेलकट हात फडक्याला पुसले. "बाई, रजिस्टर बघा. माझी सही आहे का त्या दिवशी? मी सहीशिवाय मूल नेत नाही."

परतताना वकील म्हणाला, "माणूस खरा वाटतो."

"एकटा वाटतो," टाचणीबाई म्हणाली. "तुमची लेक कशी आहे?"

"दर दुसऱ्या शनिवारी भेटते," वकील म्हणाला.

चारच्या सुमारास वकिलाच्या कचेरीत मावशी आणि संचालिका येऊन बसल्या. टाचणीबाई उभीच राहिली.

"आधी दहा तारीख," ती म्हणाली. "त्या दिवशी एक मूल बारा वाजता आजीबरोबर घरी गेलं. पण रजिस्टरात त्याच्यापुढे 'नेले' म्हणून साडेपाचची वेळ घालून त्याच्या बापाची सही आहे. जे मूल घरी झोपलंय, ते बापानं इथून नेलं कसं?"

ते पान वकिलाने स्वतः उलटलं होतं.

"कारण ती सही सकाळीच झाली होती. संध्याकाळी फाटकावर गर्दी होते, म्हणून आईबाप सकाळीच दोन्ही रकाने भरून टाकतात. बरोबर ना, बाई?"

संचालिका जमिनीकडे बघत होती. "सगळीकडे असंच करतात," ती हळूच म्हणाली. "परवाना गेला असता माझा."

"म्हणून आठ महिने गप्प राहिलात," मावशी म्हणाली. आवाजात राग नव्हता. त्यामुळे ते ऐकायला जास्त जड गेलं.

"आता गुरुवार. मुलीला आईनं सोडलं. पहिलीच वेळ, तिला ही रीत ठाऊक नाही. लिहिलंय तसं तिनं एकच रकाना भरला. संध्याकाळी आला तो माणूस, ज्याला तीन वर्षं संध्याकाळी रजिस्टरासमोर थांबायची सवयच नाही. तो सरळ आत आला, पोरीचं बोट धरलं आणि निघाला. रकाना कोरा राहिला तो कुणी आलं नाही म्हणून नव्हे. बाप आला म्हणून."

"अनोळखी कुणी असेल तर?" वकिलाने विचारलं. "त्यानंही सही केली नसती."

"अनोळखी माणसाबरोबर पोर हसत टाटा करून जात नाही, आणि बाकावर शहाण्यासारखी बसून राहत नाही. शिवाय फ्रॉक आहे. आईनं घातला निळा. चारला मावशीनं घातला पिवळा. बापानं म्हणे तिला थेट हॉस्पिटलात पाहिलं, तिथल्या झग्यात. पिवळा फ्रॉक पोलिसांच्या पुडक्यात, पंचनामा दुसऱ्या दिवशीचा. मग त्याच रात्री फिर्यादीत त्यानं पिवळा कसा सांगितला? सगळे कागद जुळत होते, म्हणून कुणी विचारलंच नाही."

"कोर्टात तेवढं पुरणार नाही. कुणीतरी सांगितलं असेल म्हणतील."

"म्हणून लिफ्ट." तिनं मोबाइलवरचं छायाचित्र पुढे केलं. लिफ्टमध्ये दुरुस्तीचं कार्ड लटकतं, त्याचं. त्या गुरुवारची तारीख, खाली ओळ: 'सायं. ५.२० ते ५.४०, दोन मजल्यांमध्ये अडकली, एक इसम सोडवला.' पुढे सही. रजिस्टरात तीन वर्षं दिसणारीच. "अपघात साडेपाचला. इमारत बसथांब्यासमोर. हा त्या वेळी पोरीपासून वीस पावलांवर होता, आणि म्हणतो फिरकलोच नाही."

"सांगितलं का नाही त्यानं?" मावशीने विचारलं.

"रस्त्यावर पोर एकटं सोडलं म्हटलं, की ताबा आईकडे जाणार."

वकिलाने मोबाइल परत दिला. मग तो संचालिकेला म्हणाला, "तुम्ही दुसरा वकील बघा. तुम्हा दोघींच्या वतीनं आता मला एकाच तोंडानं बोलता येणार नाही. मी मावशींचा."

दुसऱ्या दिवशी वकिलाने आवाज चढवला नाही. फ्रॉकचं विचारलं. बाप म्हणाला, पोलिसांनी सांगितलं असेल. मग वकिलाने इमारतीतून मागवून घेतलेलं कार्ड त्याच्या हातात दिलं.

बापाने ते वाचलं. खूप वेळ वाचलं, ओळ एकच असून.

"आत माणूस घुसमटत होता," तो म्हणाला. "काम लवकर संपलं म्हणून लवकर आणायला गेलो होतो तिला. थांब्यापाशी फोन आला, समोरच्याच इमारतीतून. तिला घेऊन कसं काम करू? कुणाकडे सोडू? कुणीच नाही मला. म्हटलं, बस इथे, हलू नकोस, दोन मिनिटांत आलो." त्यानं कठडा धरला. "खाली आलो तर गर्दी होती. मी गर्दीत शिरलोच नाही. मला वाटलं, मी शिरलो की ती माझी राहणार नाही."

सरकारी वकिलाने आपली फाइल मिटली.

तेव्हा आरोपीच्या जागेवरून मावशी बोलली. तिला बोलायची परवानगी नव्हती, पण न्यायाधीशांनी अडवलं नाही.

"चालते का ती आता?"

बापाने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "भिंत धरून."

"भिंत नका धरू देऊ," मावशी म्हणाली. "बोट द्या. भिंतीची सवय लागली की पोरं लवकर मोकळी चालत नाहीत."

बापाने मान हलवली. एकदा, मग पुन्हा. न्यायाधीशांनी त्याला बसायला सांगितलं तरी तो उभाच होता, मान हलवत.