विझत चाललेला ठिपका

धनश्रीनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हा नेट दुरुस्त करायला आलेला माणूस, असंच तिला वाटलं. सकाळपासून ती त्याचीच वाट पाहत होती. मोबाइलच्या नेटवर पुण्याची मीटिंग कशीबशी चालली होती. दारात हेल्मेट काढून, खांद्यावरची काळी बॅग सावरत एक उंच माणूस काहीतरी विचारू लागला. तिनं त्याला बोलूच दिलं नाही. आत बोट दाखवत म्हणाली, "राउटर तिकडे आहे. आईच्या पलंगामागे."

मीटिंग आटोपून ती आत गेली तर राउटरचा लाल दिवा तसाच. तो माणूस मात्र पलंगाशी खुर्ची ओढून बसला होता. लकव्यानं आखडलेला आईचा उजवा हात त्यानं आपल्या तळहातावर घेतला होता आणि एकेक बोट तो हलकेच उघडत होता.

"मी फिजिओथेरपिस्ट आहे. वीरेंद्र. पांढुर्ण्याहून आलो," तो म्हणाला. पलीकडच्या गल्लीत गुडघ्याचा पेशंट होता, त्याचाच पत्ता तो विचारत होता. मग जरा थांबून, "राउटर मात्र नाही जमलं मला..."

आईची, देवकाबाईंची, जीभ अजून जड होती. तरी त्या म्हणाल्या, "राहू दे राउटर. माहा हात उघडला, धना."

तेव्हापासून तो येऊ लागला. पांढुर्णा, सौंसर, बोरगाव, रामाकोना — मोटरसायकलवर त्याचा दिवस जायचा. आला की खुर्चीत बसताना नकळत त्याच्या तोंडून सुस्कारा निघायचा आणि धनश्रीला वाटायचं, चला, आपल्यासारखंच आणखी कोणी दमलेलं आहे.

ती दसऱ्यापासून दमलेली होती. आईला झटका आला आणि ती पुणं सोडून सौंसरला आली. वडील नव्हते, भाऊबहीण कोणी नव्हतं. संस्थेनं मार्चअखेरपर्यंत घरून काम करू दिलं होतं. त्यानंतर परत यायचं, नाहीतर जागा सोडायची. पुण्याचा विषय निघाला की आई भिंतीकडे तोंड करायची, आणि धनश्री विषय बदलायची.

एकदा वीरेंद्रनं विचारलं, तुम्ही नेमकं करता काय? ती सांगायच्या आधीच देवकाबाई म्हणाल्या, "माही पोरगी आभायातले एक्सरे काढते."

धनश्रीला हसू आलं. मग तिनं नीट सांगितलं. आकाशात फार दूर कुठंतरी क्ष-किरणांचा एक लोट उसळतो, काही मिनिटांपुरता. उपग्रहाला तो दिसतो आणि हिचा फोन वाजतो. तोवर मूळ स्फोट संपलेला असतो. मागे उरतो मंद उजेड, तोही थोड्याच दिवसांत विझतो. विझायच्या आत मोठी दुर्बीण तिकडे वळवायची, नाहीतर तिथं काय झालं ते कधीच कळत नाही. दुर्बीण चिलीत, डोंगरावर. तिकडची रात्र म्हणजे सौंसरची सकाळ. म्हणून ती सकाळचे व्यायाम चालू असताना शेजारच्या खोलीत लॅपटॉपपुढे असायची.

तो आईचा खांदा फिरवत ऐकत होता. "माझ्याकडे पण लोक झटका येऊन गेल्यावरच येतात," तो म्हणाला. "आणि उशीर केला तर हात परत येत नाही."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "पेशंटच्या मुलीला एवढं विचारता का सगळीकडे?"

"सगळीकडच्या मुली राउटर दाखवत नाहीत ना..."

खाली पाहत तो आईची बोटं मोजत बसला. ती पाचच होती, पण त्याला बराच वेळ लागला.

फेब्रुवारीत एका पहाटे फोन वाजला. उपग्रहानं एक झळक टिपली होती. धनश्रीनं घाईनं दुर्बिणीची वेळ मागितली, ती मिळाली. दुपारी चित्र आलं — एका पुसट दीर्घिकेच्या कडेला एक ठिपका. पण तो त्या झळकेचा उरलेला उजेड, की तिथं आधीपासून असलेलं काहीतरी? पुन्हा पाहिल्याशिवाय सांगता येत नव्हतं. ठिपका मंदावला तर तोच. दुसऱ्या दिवशीचा थोडासा वेळ मिळाला, तोही मोठ्या मिनतवारीनं.

नेमका त्या रात्री आईला ताप चढला. कपाळावर पट्ट्या ठेवण्यात रात्र गेली. सकाळी वीरेंद्र आला तेव्हा ताप उतरला होता, आई झोपली होती आणि धनश्री लॅपटॉपपुढे डोळे ताणून बसली होती. चिलीत ढग होते. दुर्बिणीचा घुमट बंद होता. उघडेल की नाही, कोणालाच माहीत नव्हतं.

"झोपा थोडं," तो म्हणाला. "कुठं पाहायचं ते दाखवा. मी पाहून राहिलो."

"तुमचे पेशंट?"

"बोरगावला फोन केला. उशिरा येतो म्हटलं."

पडद्यावरचा 'बंद'चा लाल चौकोन तिनं दाखवला. हिरवा झाला की उठवा, एवढं सांगून तिनं टेबलावरच डोकं टेकलं. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. मग कानाशी आवाज आला, "धनश्री... उघडलं."

आजवर तो तिला मॅडम म्हणायचा.

चिलीत उजाडायला थोडाच अवकाश होता. तिनं घाईनं सूचना दिल्या. चित्र हळूहळू उतरलं. तिनं कालचं शेजारी ठेवलं, मोजलं, परत मोजलं. ठिपका निम्म्यावर आला होता. विझत चालला होता, म्हणजे तोच होता. तिनं पुण्याला, सोबत काम करणाऱ्या तृप्तीला फोन केला. तृप्ती आनंदानं बोलतच सुटली. धनश्रीला मात्र फोन ठेवताच रडू कोसळलं. दुःख काही नव्हतं. अंगात काही उरलंच नव्हतं.

वीरेंद्रनं तिला उगी केलं नाही. "हात द्या," एवढंच म्हणाला. माउस धरून ताठरलेलं तिचं मनगट त्यानं दोन्ही हातांत घेतलं आणि अंगठ्यानं हळूहळू दाबत राहिला. आईचा हात तो रोज असाच धरायचा. पण हे तसं नव्हतं... दोघांनाही ते कळलं.

मार्च लागला. देवकाबाई काठी टेकत अंगणातल्या नळापर्यंत जाऊ लागल्या. एके दिवशी वीरेंद्रनं पडवीत बॅग आवरता आवरता सांगितलं की आता त्याची गरज उरली नाही, व्यायाम त्या स्वतः करतील.

धनश्रीनंही सांगून टाकलं की आईनं काल रात्री स्वतःहून पुण्याला यायचं कबूल केलं. महिनाअखेरीस दोघी निघणार.

तो बराच वेळ बॅगची चेन लावत राहिला.

"तुम्ही गेल्या की या घरी यायला मला कारण नाही," तो म्हणाला. "म्हणून आजच सांगून राहिलो. मला तुम्ही आवडता. जाऊ नका, असं नाही म्हणत. गुडघे पुण्यात पण दुखतातच की. पण रामाकोन्याचे कवडूबाबा आता कुठं उभे राहून राहिले. त्यांना मधातच सोडून नाही येता येत. वेळ लागेल मला."

"मी फार दमली आहे, वीरेंद्र," ती म्हणाली. "दमलेल्या माणसानं हो म्हणू नये. चुकतं."

"मग नाही म्हणा."

"ते म्हणवत नाही ना..."

आतून काठीचा आवाज आला. देवकाबाई दारात उभ्या होत्या. शेजारच्या उर्मिलाकाकू येऊन बसणार आहेत, तू जरा बाहेर फिरून ये, घरात बसून बसून पिवळी पडली, असं त्यांनी बजावलं. वीरेंद्रला बोरगावला जायचंच होतं. धनश्रीनं उपग्रहाच्या फोनची जबाबदारी दिवसभरासाठी तृप्तीकडे दिली आणि ती मोटरसायकलवर त्याच्या मागे बसली.

गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा फुलावर होत्या, वाऱ्यासोबत तो वास अंगावर येत होता. कितीतरी महिन्यांनी तिला कोणी हाक मारणार नव्हतं, काही मोजायचं नव्हतं. तिनं त्याच्या पाठीला कपाळ टेकलं. डोळे आपोआप मिटू लागले.

"झोपू नका," तो म्हणाला. "पडाल."

"मग बोलत राहा."

"काय बोलू?"

"मघाशी पडवीत बोलले ते." तिनं त्याचा शर्ट मुठीत घट्ट धरला. "परत बोला. आता मी नीट ऐकून राहिली."

त्यानं गाडीचा वेग कमी केला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. यावेळी ती मधेच म्हणाली, "हो."